मत्स्यकुंडाचा परतीचा नळ

ज्या घरीं मासा पानांत येत नाहीं, त्या घरींही मासा डोळ्यांना वर्ज्य नसतो. रायगड जिल्ह्यांत महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक डोह आहे. तेथील मासे देवीचे मानले जातात; त्यांस कोणी धरीत नाहीं, उलट येणारे जाणारे त्यांना खाऊ घालून त्यांची झुंबड पाहत उभे राहतात. मुंबईस समुद्रकांठच्या रस्त्यावर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, त्यानंतर मुंबई पाहावयास गेलेल्या किती कुटुंबांनीं आपलीं मुलें त्या कांचांसमोर उभीं केलीं असतील याची गणती नाहीं. हा छंद पुढें घरांत शिरला. आधीं बरणी, मग खिडकींत मावणारी दोन फुटी पेटी, आणि घर मोठें, माणसें पुष्कळ व ओटी ऐसपैस असली म्हणजे शेवटीं सहा फूट लांबीचें कुंड, असा त्याचा क्रम आहे.

पेटी लहान असते तोंवर नळकामाचा प्रश्न उद्भवत नाहीं. कांचेला टांगलेली एक गाळणी काम भागविते. परंतु सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशा कुंडांत चोवीस घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी राहतें. त्याचें वजनच सतरा मणांच्या वर भरतें. एवढ्या पाण्याची शुद्धि टांगत्या गाळणीनें होत नाहीं. म्हणून कुंडाच्या खालीं, घडवंचीच्या पोटांत, दुसरी एक लहान टांकी ठेवतात. तिला आपण तळटांकी म्हणूं. कुंडाच्या कडेला सांडवा असतो. त्यावरून ओसंडलेलें पाणी आपल्या वजनानें तळटांकींत उतरतें, तेथील स्पंज, खडे व जाळ्या यांतून गाळलें जातें, आणि शेवटच्या कप्प्यांतील पंप तें पुन्हा वर चढवितो. खालून वर जाणारा जो हा नळ, तोच परतीचा नळ. उतरणीच्या नळाची काळजी सगळे घेतात, कारण तो तुंबला तर लगेच दिसतें. परतीच्या नळाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. तो गुपचूप काम करतो, आणि घात करावयाचा तोही गुपचूपच करतो.

या विषयासाठीं आम्ही कोलाड हें गांव मुद्दाम निवडलें आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि कोंकण रेल्वे या दोन्ही वाटांवर असलेलें हें रोहा तालुक्यांतील गांव कुंडलिकेच्या कांठीं वसलें आहे. ही कुंडलिका नेहमींची नदी नव्हे. फाल्गुन-चैत्रांत कोंकणांतील इतर नद्या डबक्यांवर येतात, तेव्हांही हिला पाणी असतें, आणि तेंही घड्याळाच्या कांट्याप्रमाणें कमीजास्त होणारें. याचें कारण घाटावर आहे. पुणें जिल्ह्यांत मुळा नदी अडवून मुळशीचें धरण झालें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला, तेंच हें धरण. तेथील पाणी पूर्वी भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास मिळावयाचें. तें बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून, सह्याद्रीचा सुमारें पांचशें मीटरांचा उतार उतरवून, भिरा येथील टाटांच्या वीजगृहांत आणलें गेलें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. चक्रें फिरवून झाल्यावर पाणी कुंडलिकेंत सुटतें, खालीं कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडतें आणि कालव्यांनीं शेतांकडे जातें. वीज निघत असली म्हणजे नदी भरलेली, वीज थांबली म्हणजे नदी ओसरलेली! कोलाडला रबरी तराफ्यांतून खळाळत जाण्याचा जो खेळ आज एवढा लोकप्रिय झाला आहे, तो याच सोडलेल्या पाण्यावर चालतो, आणि म्हणून त्याची वेळ ठरलेली असते.

भिऱ्यास याहून मौजेची एक गोष्ट आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथें असें एक यंत्र बसविण्यांत आलें कीं, तें दिवसां वरचें पाणी घेऊन वीज काढतें, आणि विजेची मागणी कमी असतांना तीच वीज घेऊन खालचें पाणी पुन्हा मुळशीच्या तलावांत चढवितें. म्हणजे कोलाडच्या माथ्यावर, डोंगराच्या पोटांत, एक प्रचंड परतीचा नळच बसविलेला आहे. त्या नळाची योजना करणाऱ्या स्थापत्यविशारदांना पहिल्या दिवशींच स्वतःस एक प्रश्न विचारावा लागला असेल, कीं पंप एकदम थांबला तर एवढ्या उंचीवर चढलेल्या पाण्याचें काय होईल? ओटीवरील कुंडालाही हाच प्रश्न विचारावयाचा आहे. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, तो बहुधा कुंड आणणाऱ्या तरुणाच्या मनांत येत नाहीं, तर माजघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या आजीच्या मनांत येतो. "अरे, पण वीज गेली म्हणजे हें पाणी जाणार कोठें?" नातू म्हणतो, "आजी, पंप थांबला कीं पाणीही थांबेल." आजीची शंका खरी असते आणि नातवाचें उत्तर खोटें.

तें खोटें कसें, हें समजण्यास वक्रनलिकेचा नियम आठवावा. रॉकेलच्या डब्यांतून नळी घालून, तोंडानें एकदां ओढून, तेल खालच्या बाटलींत उतरविलेलें जुन्या माणसांनीं पाहिलें आहे. नळीचें वरचें टोंक तेलांत बुडालेलें आणि खालचें टोंक त्याहून खालीं असलें म्हणजे एकदां सुरू झालेला प्रवाह आपोआप चालूं राहतो. मध्यें कड आडवी आली तरी नळी ती ओलांडून जाते. आतां परतीच्या नळाकडे पाहा. त्याचें वरचें टोंक कुंडाच्या पाण्यांत बुडालेलें आहे, खालचें तळटांकींत आहे, आणि पंप थांबतो त्या क्षणीं सबंध नळ पाण्यानें भरलेला आहे. वक्रनलिकेला आणखी काय पाहिजे? वीज गेल्याबरोबर पाणी त्याच नळानें उलट खालीं येऊं लागतें, आणि वरच्या टोंकाशीं हवा शिरेपर्यंत थांबत नाहीं.

हिशेब फार सोपा आहे. सहा फूट लांब व दोन फूट रुंद अशा कुंडांत एक इंच उंचीचें पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, सुमारें २८ लिटर. परतीच्या नळाचें तोंड पृष्ठभागाखालीं सहा इंच असेल तर सहा घनफूट, म्हणजे १७० लिटर पाणी खालीं येईल. तळटांकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असली, आणि ती आठ इंच रिकामी ठेवलेली असली, तरी तिच्यांत ८५ लिटरच मावतील. उरलेले ८५ लिटर, म्हणजे पांच-सहा मोठ्या बादल्या, ओटीवर. आणि तळाशीं प्रवाह खेळावा म्हणून कोणीं नळाचें तोंड वीस इंच खोल नेलें असेल, तर सकाळीं उठल्यावर चार इंच गढूळ पाण्यांत आडवे पडलेले मासे, आणि शेजारच्या खोलींत फरशीवर पसरलेल्या बिछान्यांपर्यंत पोंचलेलें पाणी, असें दृश्य दिसेल. कोंकणांतील घरांत वीज दिवसां जाते तशी रात्रींही जाते, आणि पावसाळ्यांत तर रात्रींच अधिक. पाणी उतरण्याचा आवाज पावसाच्या आवाजांत कोणास ऐकूं येणार?

यावर उपाय अगदीं क्षुल्लक आहे, आणि तो आपल्याकडे जुना आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचें पाणी पुण्यांत शनिवारवाड्यापर्यंत आणलें गेलें. त्या भुयारी नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं चुनेगच्ची उंच मनोरे बांधले होते, त्यांना उच्छ्वास म्हणत. नळांत कोंडलेल्या हवेला बाहेर पडण्यास आणि बाहेरच्या हवेला आंत येण्यास ती वाट होती. बांधणाऱ्यांनीं पाण्याबरोबर हवेचाही विचार केला होता. आपल्या कुंडांतील परतीच्या नळाला असाच एक उच्छ्वास पाहिजे. नळ पाण्यांत शिरतो तेथें, चालत्या पाण्याच्या पातळीच्या अर्धा ते एक इंच खालीं, पाव इंचाचें एक भोंक पाडावें. पंप चालूं असतांना त्यांतून पाण्याची बारीक धार कुंडांतच पडत राहील. तिचें कांहीं बिघडत नाहीं. पंप थांबला कीं पाणी त्या भोंकापर्यंत उतरेल, हवा आंत शिरेल, आणि वक्रनलिका तुटेल. १७० लिटरांच्या जागीं २८ लिटर खालीं येतील. नळांतील व सांडव्यांतील थोडें पाणी त्यांत मिळविलें तरी तळटांकीची जागा पुरून उरेल.

भोंक पाडतांना दोन गोष्टी संभाळाव्या. एक, धार कांचेच्या झांकणावर किंवा दिव्यावर उडूं नये म्हणून भोंकाचें तोंड खालच्या अंगास, पाण्याकडे असावें. दुसरी, भोंक एकच नसावें. शेवाळाचा तंतु किंवा बोटाच्या नखाएवढी गोगलगाय तेवढी वाट बंद करण्यास पुरेशी होते, आणि ती नेमकी ज्येष्ठ-आषाढांतच बंद होते असा पुष्कळांचा अनुभव आहे! दोन भोंकें पाडावीं आणि दर महिन्यास उदबत्तीच्या काडीनें तीं साफ करावीं. याहूनही चांगला उपाय म्हणजे नळाचें तोंडच पृष्ठभागाच्या लगत ठेवणें. मग खोल पाण्याचा प्रश्नच राहत नाहीं. तळाशीं प्रवाह हवाच असेल तर त्यासाठीं कुंडांत वेगळा लहान पंप सोडतां येतो.

दुकानदार या ठिकाणीं एकमार्गी झडप सुचवितात. पाणी वर जाऊं द्यावयाचें आणि खालीं येऊं द्यावयाचें नाहीं, असें तिचें काम. ती बसवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु तिच्यावर विसंबूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. वाळूचा एक कण किंवा पानाचा एक तुकडा झडपेच्या ओठांत अडकला कीं ती अर्धवट उघडी राहते, आणि ती तशी राहिली आहे हें वीज जाईपर्यंत कोणास कळत नाहीं. शिवाय ती प्रवाहाला अडथळा करते तो वेगळाच. उच्छ्वास असून झडप असली तर ठीक. उच्छ्वासाऐवजीं झडप, हा सौदा वाईट.

उलट बाजूचाही विचार करावयास हवा. समजा, पंप चालूं आहे आणि सांडव्याच्या जाळींत पानें अडकून उतरणीचा नळ तुंबला. मग पंप तळटांकींतील पाणी वर ओढीत राहील आणि कुंड काठावरून वाहूं लागेल. म्हणून पंपाचा कप्पा आडव्या कांचेनें वेगळा करून लहान ठेवावा. त्यांत चाळीस लिटरांहून अधिक पाणी नसावें, आणि कुंडाच्या काठाखालीं दोन इंच जागा रिकामी असावी. दोन इंच म्हणजे ५६ लिटर. पंपानें आपला सगळा कप्पा उपसला तरी कुंड भरून वाहणार नाहीं.

आतां नळाच्या जाडीविषयीं. पंपाच्या डब्यावर ताशीं तीन हजार लिटर आणि दहा फूट उंची असे दोन आंकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. घेणारा समजतो कीं दहा फुटांवर तीन हजार लिटर मिळतील. वस्तुतः तीन हजार हा आंकडा शून्य उंचीवरचा आहे, आणि दहा फूट उंचीवर प्रवाह शून्य आहे. तळटांकीपासून कुंडाच्या काठापर्यंतची पांच फुटांची चढण मध्यें कोठें तरी येते, आणि तेथें पाणी निम्म्याच्या आसपासच मिळतें. त्यांत नळ बारीक असला तर घर्षणांत आणखी जातें. पंपाचें तोंड पाऊण इंची असलें म्हणून नळही पाऊण इंचीच घ्यावा, ही चूक फार सार्वत्रिक आहे. पंपाच्या तोंडाशींच नळ रुंद करून पुढें एक इंची अथवा सव्वा इंची घ्यावा. तेवढ्याच प्रवाहाला पाऊण इंची नळांत जितकें घर्षण होतें त्याच्या सुमारें चौथाईच एक इंची नळांत होतें. खर्चांतील फरक हातभर नळाचा. विजेच्या बिलांतील फरक मात्र दर महिन्याचा. काटकोनी एल्बोही मोजून वापरावे. एक इंची नळांत असा एक एल्बो म्हणजे अडीच फूट सरळ नळाइतका अडथळा. घडवंचीच्या पोटांत सहा एल्बो लावून नळ कोपऱ्याकोपऱ्यानें नेणारा प्लंबर कामांत सुबक असेल, पण त्यानें पांच फुटांच्या नळाचा वीस फुटांचा केला असें समजावें.

सहा फुटी कुंडास परतीचीं दोन तोंडें असलेलीं बरीं, एक डाव्या टोंकास आणि एक उजव्या. मध्यें टी घालून नळ दुभागावा, आणि दोन्ही शाखा लांबीनें व एल्बोंच्या संख्येनें सारख्या ठेवाव्या. पाणी जिकडे वाट सोपी तिकडे जातें. शाखा दोन झाल्या म्हणजे उच्छ्वासही दोहोंस वेगवेगळे पाहिजेत, ही गोष्ट मात्र विसरतां कामा नये. दोन तोंडांपैकीं जें अधिक खोल असेल तें एकटेंही टांकी भरून वाहवूं शकतें.

नळ प्लास्टिकचा, पी.व्ही.सी.चा घ्यावा. घरांत जुना तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ पडलेला असतो, पितळी तोट्या असतात, आणि काटकसरी गृहस्थाला त्या वापराव्याशा वाटतात. ही काटकसर माशांच्या जीवावर बेतते. तांबें आपणांस पथ्यकर, परंतु पाण्यांत सतत विरघळत राहिलेलें थोडेंसें तांबेंही माशांना अपायकारक असतें आणि गोगलगायी व झिंगे यांना तर विषच. कोंकणांतील पुष्कळ विहिरींप्रमाणें पाणी मृदु असेल तर तें धातु अधिकच विरघळवितें. प्लास्टिकचे सांधे जोडण्याचा जो चिकट द्रव असतो, ज्याला प्लंबर सोल्युशन म्हणतात, तो लावल्यावर निदान एक दिवस वाळूं द्यावा, आणि मासे सोडण्यापूर्वीं नळांतून साधें पाणी खेळवून तें फेंकून द्यावें.

पंप दोन-तीन महिन्यांनीं बाहेर काढून धुवावा लागतो. सगळे सांधे कायमचे चिकटविले असतील तर त्यासाठीं नळ कापावा लागेल. म्हणून पंपाच्या वर एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या खालीं युनियन, म्हणजे पेंच फिरवून सुटणारा सांधा, अवश्य घालावा. व्हॉल्व्ह बंद करून युनियन सोडली कीं पंप हातांत येतो आणि वरचें पाणी वरच राहतें. प्रवाह जास्त वाटला तर हाच व्हॉल्व्ह थोडा मिटावा. पंपाजवळ हातभर नळ कडक न घेतां लवचिक रबरी नळी बसवावी. पंपाची थरथर नळावाटे घडवंचीला आणि घडवंचीवाटे सगळ्या घराला पोंचते. आणि शेजारच्या खोलींत अभ्यास करणारा मुलगा किंवा हलक्या झोंपेचे आजोबा असले तर कुंडाचें आयुष्य या गुणगुणीवरच अवलंबून राहतें.

एवढें झाल्यावर परीक्षा घ्यावी. मासे सोडण्यापूर्वीं कुंड भरून, पंप चालूं करून, पाणी स्थिर होऊं द्यावें. आणि मग घरांतील सगळ्यांना जमवून बटण बंद करावें. तळटांकींत पाणी चढत जाईल. तें काठाखालीं दोन-तीन इंच राहून थांबलें तर काम उत्तम. न थांबलें तर बटण लगेच चालूं करून तळटांकींतलें पाणी काढावें आणि पुन्हा पाहावें. जी पातळी बरोबर ठरेल तिच्यावर, पंप चालूं असतांना, टांकीच्या कांचेवर तैलरंगाची एक रेघ ओढावी. एकत्र घरांत ही रेघ फार महत्त्वाची आहे. पाणी घालणारे हात अनेक असतात. काका सकाळीं दोन तांबे घालतात, दुपारीं मुलें आणखी चार घालतात, आणि रात्रीं सूनबाईला टांकी रिकामी वाटते. रेघेच्या वर पाणी घालावयाचें नाहीं, एवढा एक नियम सगळ्यांना ठाऊक असला म्हणजे पुरे. विजेची तारही याच वेळीं पाहून घ्यावी. पंपाची तार बटणाकडे सरळ न नेतां मध्यें झोळासारखी खालीं सोडावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी बटणांत न जातां झोळावरून गळून पडेल. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारें उपकरण मांडणींत असलेंच पाहिजे, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं पंपाची पिन काढलीच पाहिजे. यांत सवलत नाहीं.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. झाडें व खांब सारखेच उन्मळले, आणि जिल्ह्यांतील पुष्कळ गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. अशा वेळीं उच्छ्वासानें ओटी वांचते, परंतु मासे केवळ त्यानें वांचत नाहींत. परतीचा नळ थांबला म्हणजे पाण्याची वरची पातळी हलत नाहीं, आणि हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळत नाहीं. कुंडांत गर्दी असली, विशेषतः गोल्डफिश असले, तर ते थोड्या तासांतच पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं लागतात. त्यासाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर मोठा पंप न जोडतां हा हवेचा पंपच जोडावा. तोच साठा कितीतरी पट अधिक वेळ पुरतो. तोही नसेल तर मुलांनीं पाळीपाळीनें तांब्यानें पाणी उचलून हातभर उंचीवरून कुंडांत ओतावें. तांब्याचा स्पर्श घटकाभराचा, त्याची चिंता नको. वीज नसेतोंवर माशांना खाऊ घालूं नये. चार-सहा दिवस उपास घडल्यानें मासा मरत नाहीं. परंतु कुजलेल्या अन्नानें मात्र तें साचलेलें पाणी बिघडतें. तळटांकींतील स्पंज व खडे यांत जे उपयोगी जंतु वाढलेले असतात त्यांनाही वाहतें पाणी हवें असतें, म्हणून वीज लांबली तर स्पंज काढून कुंडाच्याच पाण्यांत, हवेच्या बुडबुड्यांजवळ, तरंगत ठेवावा. वीज परत आली म्हणजे तळटांकींतील साचलेल्या पाण्याचा वास घ्यावा. तें नासलें असेल तर आधीं बादल्यांनीं काढून टाकावें, टांकी ताज्या पाण्यानें रेघेपर्यंत भरावी, मगच पंपाची पिन लावावी.